अक्षरामागे अठरा रुपये

तालमीला शंभर वर्षं झाली म्हणून
भिंतीत संगमरवर बसवायचं ठरलं.
दहा नावं. अकरावं बसत नाही,
रज्जाक मिस्तरीने वितीने मोजून सांगितलं.
अक्षरामागे अठरा रुपये, काना-मात्रा फुकट.

यादीचं काम माझ्याकडे आलं,
कारण माझं अक्षर बरं,
आणि मी जन्मात लंगोट कसला नाही,
म्हणजे कुणाची बाजू घेणार नाही,
असं उखर्डू आप्पांचं मत.

पहिल्याच रात्री वहीत कळलं
मोठेपण कशाने मोजतात ते.
एकाचा नातू सभापती.
एकाचा फोटो मिळाला, काचेसकट.
एक ऐन पंचविशीत विहिरीत गेला,
हरायच्या आधी गेला, म्हणून अजिंक्य.
पुंजू वंजी सगळ्यांना भारी होता म्हणतात,
पण तो सुरतेला गेला कामाला
आणि तिकडेच मेला.
त्याच्याबद्दल बोलायला अमळनेरात कुणी उरलं नाही.

वाद नव्हता तो फक्त हिलालवर.
हिलाल पहिला, म्हातारे म्हणाले,
शेंबडी पोरंही म्हणाली.
तुम्ही पाहिलं का त्याला लढताना?
नाही. झिपरूबाबा सांगतो ना.

झिपरू स्टँडासमोर पंक्चर काढतो.
ट्यूब घमेल्यात बुडवून
बुडबुडा शोधता शोधता
एकच कुस्ती सांगतो, चाळीस वर्षं:
आखाजीची दंगल, बोरीचं कोरडं पात्र,
तापलेली रेती, एक तास दहा मिनिटं झोंबी.
मी शाळेत होतो तेव्हा ती वीस मिनिटांची होती.
दरसाल थोडी वाढली.
हिलालची मानही दरसाल थोडी जाड झाली.
झिपरू पडतो मात्र तस्साच,
ट्यूब सोडून, दोन्ही हात पसरून,
आभाळाकडे बघत.

गिऱ्हाईक ऐकतं, हवा भरतं,
चोपड्याला जातं, धुळ्याला जातं,
हिलालला सोबत नेतं.

बाबा, वाढवून का सांगता?
त्याने वर न बघता सोल्युशन लावलं,
त्यावर फुंकर घातली.
"मी ज्यानाबरोबर हारनू,
तो काय ऐरागैरा व्हता का?"

मग हिलालकडे गेलो, मळ्यात.
ऐंशीचा झालाय. मान सुतळीसारखी.
पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजत होता.
ती कुस्ती आठवते का, विचारलं.
"कोन झिपरू?"
बराच वेळ जाळाकडे बघत राहिला,
मग दात नसलेलं हसला.
"त्याना पाय घसरना व्हता, भाऊ.
रेतीमा खड्डा व्हता.
दोन मिनिटबी नही व्हयनात."
आणि वांगं उलटवलं.

मी पिशवीतून वही काढलीच नाही.
भरीत खाल्लं, कळण्याची भाकरी खाल्ली,
परतताना स्टँड टाळून
मागच्या गल्लीने घरी आलो.

दगड बसला. पहिल्या ओळीत हिलाल.
बाकीच्या नवांना बाप लागला, आडनाव लागलं,
कुणाकुणाला गावही.
याला काय करायचं आडनाव, आप्पा म्हणाले.
तीन अक्षरं, चोपन्न रुपये,
यादीतलं सगळ्यात स्वस्त नाव.

उद्घाटनाला हिलाल आला नाही,
त्या दिवशी आठवडी बाजार होता.
झिपरू आला, माणसं पांगल्यावर,
काळ्या हातांनी.
त्याला वाचता येत नाही.
कोणतं त्याचं, म्हणून विचारलं,
मी त्याचं बोट धरून पहिल्या ओळीवर ठेवलं.
खाचेतून तो बोट फिरवत राहिला
सावकाश,
टायरच्या आतून काटा शोधतात तसा.
लकारावर ग्रीसचा डाग पडला.
रज्जाक फडकं घेऊन धावला,
मी त्याला डोळ्यानेच थांबवलं.

"कितला लागनात याना?"
चोपन्न.
झिपरूने मनाशी काही हिशेब केला.
"कमीच लागनात," म्हणाला,
आणि हात धोतराला पुसत
दुकानाकडे गेला.